नभोवाणी आणि गावची वाणी : सोलापूर-माणदेश परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

नभोवाणीचा इतिहास आपल्याकडे बहुधा केंद्रांचा आणि कार्यक्रमांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कोणते केंद्र कधी सुरू झाले, त्याची प्रक्षेपणशक्ती किती होती, कोणत्या मान्यवरांची भाषणे झाली, ही माहिती अशा इतिहासात मिळते. परंतु ज्या माध्यमाचे सर्वस्व मानवी आवाज आहे, त्या माध्यमात कोणाचा आवाज उमटला आणि कोणी केवळ ऐकले, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न घेऊन १९५६ चा पुणे केंद्राचा श्रोतृमंडळांचा प्रयोग आणि २००८ नंतर माणदेशात उभी राहिलेली सामुदायिक नभोवाणी या दोन घटना एकमेकींशेजारी ठेवून पाहावयाच्या आहेत. या दोन घटनांमध्ये अर्धशतकाचे अंतर आहे. तथापि पहिलीत जे साधले ते दुसरीत काहीसे निसटले आणि पहिलीत जे मुळीच नव्हते ते दुसरीत प्रथमच लाभले, असे दिसून येईल.

१

नभोवाणी येण्यापूर्वी गावाला बोलण्याची साधने नव्हती असे नाही. चावडी, पार, देवळाचा सभामंडप आणि आठवड्याचा बाजार ही बोलण्याची स्थळे होती. कीर्तन, भारूड, गोंधळ, धनगरांच्या ओव्या आणि जात्यावरची गाणी हे बोलण्याचे प्रकार होते. सोलापूर जिल्ह्याला तर या बाबतीत मोठाच वारसा आहे. पंढरपूर हे वारकरी संप्रदायाचे पीठ, मंगळवेढे ही चोखामेळ्याची आणि दामाजीपंतांची भूमी, आणि सोलापूर शहर हे बाराव्या शतकातील वचनकार सिद्धरामेश्वरांचे क्षेत्र. सिद्धरामेश्वरांची वचने कन्नड, चोखोबांचे अभंग मराठी. पुढे कापडाच्या धंद्यामुळे या शहरात तेलुगू बोलणारा पद्मशाली समाज मोठ्या संख्येने स्थिरावला, आणि उर्दू-दखनी तर येथे पूर्वीपासूनच होती. म्हणजे या जिल्ह्याची वाणी एकभाषिक कधीच नव्हती.

या पारंपरिक प्रकारांचे एक लक्षण ध्यानी घेण्याजोगे आहे. त्यांत बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये भिंत नसे. गाडगे महाराजांचे कीर्तन हे याचे उत्तम उदाहरण होय. पंढरपुरात ज्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या, ते गाडगे महाराज कीर्तनात सिद्धान्त सांगत नसत, तर श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेत. श्रोत्याने उत्तर दिले की तो त्या विचाराला बांधला जाई. नभोवाणीचे यंत्र जेव्हा गावात आले तेव्हा त्याने प्रथम काही हिरावून घेतले असेल, तर ते हे उत्तर देणे होय. पेटी बोलते, पण तिला उलट विचारता येत नाही.

२

भारतात संघटित स्वरूपाचे ध्वनिक्षेपण २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत सुरू झाले. पुणे केंद्राचा आरंभ २ ऑक्टोबर १९५३ चा. ग्रामीण जीवनाविषयी आस्था असलेले लेखक या केंद्राला लाभले. माणदेशात जन्मलेले व्यंकटेश माडगूळकर १९५५ पासून पुणे केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रम विभागात काम करू लागले आणि तेथे ते दीर्घकाळ राहिले. ‘माणदेशी माणसं’ १९४९ मध्ये आणि ‘बनगरवाडी’ १९५५ मध्ये पुस्तकरूपाने आलेली होती. दुष्काळी मुलुखातील रामोशी, धनगर, मुलाणी यांची बोली ज्याच्या कानात भरलेली होती असा लेखक नभोवाणीच्या ग्रामीण विभागात असावा, ही घटना महत्त्वाची आहे.

परंतु येथे एक भेद केला पाहिजे. ग्रामीण माणसाची भाषा जाणणारा लेखक नभोवाणीत असणे निराळे आणि तो ग्रामीण माणूस स्वतः तेथे बोलणे निराळे. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे नभोवाणीवरील भाषण आधी लिहून द्यावे लागे, ते संमत व्हावे लागे, आणि मग ते वाचले जाई. ज्याला आपण नभोवाणीवरील भाषण म्हणतो ते वस्तुतः वाचन होते. ज्याला लिहिता-वाचता येत नाही, त्याला मुलाखतीत प्रश्नापुरते उत्तर देण्याची किंवा गाणे म्हणण्याची संधी मिळू शके. पण आपला विषय आपण मांडणे त्याला शक्य नव्हते. १९५१ च्या जनगणनेनुसार देशातील पाचांपैकी चार माणसे निरक्षर होती, हे लक्षात घेतले म्हणजे संहितेची ही अट किती मोठ्या समाजाला दाराबाहेर ठेवीत होती याची कल्पना येईल. यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे म्हणण्याचे कारण नाही. शासकीय माध्यमाची जबाबदारी, ध्वनिमुद्रणाच्या साधनांची अवजड रचना आणि शुद्ध भाषेविषयीचा आग्रह या तिहींचा तो एकत्रित परिणाम होता.

३

या पार्श्वभूमीवर १९५६ च्या प्रयोगाचे महत्त्व कळते. कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे चालत होती. शेजारीपाजारी एका घरी जमत, नभोवाणीवरील चर्चा ऐकत, नंतर आपसांत बोलत आणि आपले निष्कर्ष केंद्राला कळवीत. वाचा, ऐका, चर्चा करा आणि कृती करा, असे त्या चळवळीचे सूत्र होते. युनेस्कोच्या साहाय्याने हीच कल्पना भारतात तपासून पाहण्याचे ठरले आणि त्यासाठी पुणे केंद्राची निवड झाली.

फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या दहा आठवड्यांत तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच मराठीभाषक जिल्ह्यांमधील सुमारे १५० गावांत हा प्रयोग झाला. आठवड्यातून दोन वेळा सायंकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकंदर वीस कार्यक्रम प्रक्षेपित झाले. प्रत्येक गावात सुमारे वीस जणांचे मंडळ असे. त्याचा एक अध्यक्ष व एक चिटणीस असे. कार्यक्रम संपला की पेटी बंद करून चर्चा सुरू व्हावयाची. चिटणीसाने चर्चेचा वृत्तान्त आणि मंडळाचे प्रश्न पुणे केंद्राकडे धाडावयाचे, आणि केंद्राने पुढील कार्यक्रमांतून त्यांना उत्तरे द्यावयाची, अशी योजना होती.

या प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते, आणि ते काम पाऊल नॉयराथ या समाजशास्त्रज्ञांनी केले. नॉयराथ मूळचे व्हिएन्नाचे. नाझींच्या दाखाऊ आणि बुखेनवाल्ड येथील छळछावण्यांतून सुटून ते अमेरिकेत गेले होते. प्रचारासाठी वापरलेल्या माध्यमाचे भीषण रूप ज्याच्या पिढीने पाहिले, त्या विद्वानाने महाराष्ट्रातील खेड्यांत बसून त्याच माध्यमाचा लोकशाहीसाठी उपयोग होतो काय, हे तपासावे, हा इतिहासातील एक अर्थपूर्ण योग म्हणावा लागेल. आकाशवाणीचे तत्कालीन महासंचालक आणि हिंदीतील नाटककार जगदीशचंद्र माथुर यांच्यासह त्यांनी लिहिलेला अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला.

मूल्यमापनाची पद्धत विचारपूर्वक आखलेली होती. मंडळे असलेल्या गावांची तुलना दोन प्रकारच्या इतर गावांशी करण्यात आली : नभोवाणीसंच आहे पण मंडळ नाही अशी गावे, आणि संचही नाही अशी गावे. प्रयोगापूर्वी व प्रयोगानंतर लोकांना त्याच विषयांवर प्रश्न विचारण्यात आले. मंडळे असलेल्या गावांत ज्ञानाची वाढ ठळकपणे दिसली. केवळ संच असलेल्या गावांत मात्र ती अल्प होती. नुसते ऐकल्याने माणूस फारसा बदलत नाही. ऐकलेल्या गोष्टीवर त्याला बोलावयास मिळाले म्हणजे ती त्याची होते, हा या तुलनेतून निघणारा निष्कर्ष होय. कीर्तनकाराला जे परंपरेने ठाऊक होते, ते समाजशास्त्राने मोजून दाखविले.

याहूनही महत्त्वाचे निरीक्षण असे की, ही मंडळे थोड्याच दिवसांत ऐकण्याच्या पलीकडे गेली. गावात काय करावयाचे याचा निर्णय घेणारी संस्था, असे स्वरूप त्यांना येऊ लागले. अहवालकर्त्यांनी त्यांना ग्रामीण लोकशाहीचे साधन मानले ते याच कारणाने. त्या वेळी पंचायत राज्याची रचना अद्याप व्हावयाची होती. १९५९ मध्ये श्रोतृमंडळांची योजना देशभर लागू करण्यात आली आणि पुढील काही वर्षांत मंडळांची संख्या हजारांवर गेली.

४

प्रयोगाच्या यशाबरोबर त्याच्या मर्यादाही पाहिल्या पाहिजेत. पहिली मर्यादा सभासदत्वाची. मंडळांतील सभासदवर्ग प्रामुख्याने पुरुषांचा होता. पेटी जेथे ठेवलेली असे तेथे जाऊन बसण्याचा अधिकार ज्याला, त्यालाच ऐकण्याचा आणि पर्यायाने बोलण्याचा अधिकार. चावडीत किंवा देवळात कोण सहजपणे बसू शकत होते आणि कोण नाही, हे त्या काळच्या गावगाड्याचा अभ्यास करणाऱ्यास सांगावयास नको.

दुसरी मर्यादा विषयांची. शेती, पशुपालन, आरोग्य, साक्षरता, गावकारभार हे विषय उपयुक्त होते यात शंका नाही. पण ते केंद्राने ठरविलेले होते. १९५६ चे ते महिने संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाचे होते. मुंबई केंद्रशासित करण्याच्या जानेवारीतील घोषणेनंतर उसळलेल्या निदर्शनांत गोळीबार होऊन माणसे मृत्युमुखी पडली होती, आणि सारा मराठी मुलूख त्याविषयीच बोलत होता. नभोवाणीपुढे बसलेली मंडळे पेटी बंद झाल्यावर त्याविषयी बोलली नसतील असे मानणे कठीण आहे. तथापि विकासाच्या विषयपत्रिकेत त्या बोलण्याला जागा नव्हती.

तिसरी मर्यादा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. गावाचे बोलणे पुण्यास पोचत होते ते आवाजाच्या रूपाने नव्हे, तर चिटणीसाने लिहिलेल्या वृत्तान्ताच्या रूपाने. दहा जण आपापल्या बोलीत जे बोलले, कोणी म्हण वापरली, कोणी चिडला, कोणी गप्प राहिला, ते सारे एका साक्षर माणसाच्या हस्ताक्षरात प्रमाण मराठीत उतरून पुढे जाई. संहितेची अट येथे उलट्या दिशेने पुन्हा उभी राहिली होती.

ही मंडळे पुढे क्षीण का झाली, याची कारणे अनेक आहेत. संचांची व विद्युत्घटांची दुरुस्ती, चिटणिसांचा उत्साह, शासकीय यंत्रणेचे लक्ष, या सर्वांवर ती अवलंबून होती. शिवाय हरितक्रांतीच्या काळात नव्या बियाण्याची व खतांची माहिती शेतकऱ्यापर्यंत लवकर पोचविणे, हे ग्रामीण ध्वनिक्षेपणाचे मुख्य कार्य ठरले. पण एका कारणाकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. साठोत्तरी काळात ट्रान्झिस्टर स्वस्त झाला आणि नभोवाणी चावडीतून घरात, तेथून शेताच्या बांधावर गेली. याने ऐकणारे वाढले. पूर्वी चावडीत न येणाऱ्या स्त्रियांच्या कानीही ती पडू लागली. मात्र एकत्र बसून ऐकण्याची आणि ऐकून बोलण्याची गरज संपली. ऐकणे जितके सार्वत्रिक झाले तितके ते एकाकी झाले.

५

सरकारी मक्तेदारीच्या मुळाशी असलेली कल्पना बदलली ती न्यायालयात, आणि तीही क्रिकेटच्या निमित्ताने. १९९३ च्या हीरो चषक स्पर्धेच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणावरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निर्णय दिला. न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांच्या या निर्णयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे हे तत्त्व प्रस्थापित केले. तिचे फळ सामान्य माणसाच्या हाती पडण्यास मात्र दशक लोटले. २००२ च्या अखेरीस प्रथम शैक्षणिक संस्थांना स्वतःचे छोटे केंद्र चालविण्याची मुभा मिळाली. नोव्हेंबर २००६ च्या धोरणाने ती स्वयंसेवी संस्थांना आणि कृषिविज्ञान केंद्रांनाही दिली.

या धोरणातील अटी अभ्यसनीय आहेत. प्रक्षेपणशक्ती सर्वसाधारणपणे १०० वॅट, म्हणजे आवाज काही कोसांपुरता. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक समाजाच्या सहभागाने तयार झालेले असावेत. भाषा शक्यतो स्थानिक भाषा किंवा बोली असावी. शासनाच्या एखाद्या दस्तऐवजात बोलीला असे प्राधान्य मिळणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. परंतु त्याच धोरणाने वृत्ते आणि चालू घडामोडी यांविषयीच्या कार्यक्रमांना मनाई केली. १९५६ ची विषयपत्रिकेची मर्यादा येथे नियम म्हणून लिहिली गेली.

१५ ऑक्टोबर २००८ रोजी तत्कालीन मेदक जिल्ह्यातील माचनूर येथे दलित स्त्रियांनी चालविलेला ‘संगम रेडिओ’ सुरू झाला. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे माणदेशी फाउंडेशनची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ ९०.४ मेगाहर्ट्झवर बोलू लागली. म्हसवड सातारा जिल्ह्यात असले तरी माण नदीच्या काठचा हा मुलूख सोलापूरला परका नाही. हीच नदी पुढे आटपाडी, सांगोला, मंगळवेढा या तालुक्यांतून वाहत सोलापूर जिल्ह्यात भीमेला मिळते. पर्जन्यछायेतील शेती, शेळ्यामेंढ्या, ऊसतोडीसाठीचे स्थलांतर आणि दुष्काळ यांनी हा सारा पट्टा एकत्र बांधलेला आहे. माडगूळकरांनी ज्यांची बोली साहित्यात आणली, त्यांच्याच मुलुखात अर्धशतकानंतर ध्वनिग्राहक आला.

या केंद्रामागील संस्थेचा पूर्वेतिहास आपल्या मुद्द्याच्या दृष्टीने उद्बोधक आहे. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये म्हसवड येथे माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. बँकेचा पहिला परवाना-अर्ज नामंजूर झाला होता, कारण प्रवर्तक स्त्रियांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या स्त्रियांनी साक्षरतेचे धडे गिरविले, आणि पुन्हा अधिकाऱ्यांपुढे जाऊन व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखविण्याची तयारी सांगितली. बँकेच्या दारातील अक्षराची अट आणि नभोवाणीच्या दारातील संहितेची अट या दोन्ही एकाच जातीच्या आहेत. ज्यांनी पहिली ओलांडली, त्यांनी दुसरीही ओलांडावी, यात नवल नाही. येथे भाषण लिहून आणावे लागत नाही. ओवी म्हणणारी स्त्री ओवी म्हणते, आणि ती कोणत्या प्रसंगी म्हणतात हेही तीच सांगते.

२०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडला याच संस्थेने जनावरांची छावणी चालविली. चारा, पाणी, औषध यांविषयी बोलणे ही अशा वेळी जीवनमरणाची गोष्ट असते. तिची चर्चा वृत्त म्हणावी की शेतीविषयक माहिती, हा भेद दिल्लीतील कागदावर करता येतो. माण तालुक्यातील शेतकऱ्याला तो करता येणार नाही.

६

दोन्ही घटनांची तुलना आता करता येईल. १९५६ मध्ये चर्चा होती, पण ध्वनिग्राहक गावाच्या हाती नव्हता. २००८ नंतर ध्वनिग्राहक गावाच्या हाती आला, पण ऐकल्यानंतर एकत्र बसून बोलण्याची व्यवस्था या धोरणात कोठेही नाही. स्थानिक आवाज प्रक्षेपित झाला म्हणजे स्थानिक संवाद घडलाच, असे मानणे ही नॉयराथ यांच्या निष्कर्षाची उपेक्षा ठरेल. सामुदायिक नभोवाणीस जर आपल्या नावातील पहिला शब्द सार्थ करावयाचा असेल, तर पुणे प्रयोगातील मंडळांचा धडा तिने पुन्हा वाचला पाहिजे. बचत गट आणि महिला मंडळे आज गावोगाव आहेत. १९५६ मध्ये जो वर्ग मंडळांबाहेर राहिला, तोच आज संघटित आहे.

भाषेच्या दृष्टीनेही या जिल्ह्याला विशेष विचार करावा लागेल. सोलापूर येथे आकाशवाणीचे केंद्र आहे आणि जिल्ह्याच्या मराठी जीवनात त्याला स्थान आहे. परंतु अक्कलकोट व दक्षिण सोलापूर तालुक्यांतील कन्नड, शहराच्या पूर्व भागातील विणकर व विडीकामगार स्त्रियांची मराठीमिश्रित तेलुगू, आणि दखनी, या बोली ज्या रूपात घरात बोलल्या जातात त्या रूपात नभोवाणीवर येणे हे काही कोसांच्या छोट्या केंद्रांनाच शक्य आहे.

शेवटी इतिहासाच्या अभ्यासकांशी निगडित असा एक मुद्दा. १९५६ च्या मंडळांतील माणसे काय बोलली ते आपण आज ऐकू शकत नाही. उरले आहेत ते तक्ते आणि वृत्तान्त. उलट त्याच वर्षी २० डिसेंबरला निवर्तलेल्या गाडगे महाराजांचे अखेरच्या काळातील एक कीर्तन ध्वनिमुद्रित झाले, म्हणून त्यांचा प्रश्न आणि श्रोत्यांचे उत्तर दोन्ही आजच्या पिढीच्या कानी पडते. सामुदायिक नभोवाणीच्या धोरणाप्रमाणे केंद्राने आपले कार्यक्रम जतन करावयाचे ते फक्त तीन महिने. ही मुदत तक्रारीच्या चौकशीसाठी पुरेशी आहे, इतिहासासाठी नाही. ज्यांनी कधी पत्र लिहिले नाही, रोजनिशी ठेवली नाही, ज्यांचे नाव सातबाऱ्याखेरीज, आणि स्त्रियांच्या बाबतीत बहुधा तेथेही, आढळत नाही, त्यांचे स्वतःच्या शब्दांतील बोलणे आज प्रथमच मुद्रित होत आहे, आणि ते पुसले जाण्याची वाटही मोकळी आहे.

जुन्या दप्तरांचे रुमाल सोडून त्यांची वर्गवारी करणे हे मराठी इतिहाससंशोधकांनी एके काळी आपले व्रत मानले. या मुद्रणांची नोंद ठेवणे, बोलणाऱ्याच्या संमतीने त्यांची प्रत जतन करणे, त्यांतील गाव, बोली, प्रसंग यांची सूची करणे, हे काम विद्यापीठातील विभागांना अल्प खर्चात करता येण्याजोगे आहे. ते छोट्या केंद्रांवर सोडून चालणार नाही, कारण दैनंदिन प्रक्षेपणातच त्यांची शक्ती संपते. सांगोल्याच्या किंवा मंगळवेढ्याच्या दुष्काळाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या उद्याच्या अभ्यासकाला सरकारी टंचाईचे अहवाल मिळतीलच. त्याच दुष्काळाविषयी छावणीतील बाई काय म्हणाली, हे त्याला ऐकावयास मिळावे किंवा नाही, हे मात्र आजच ठरणार आहे.